कारवीचा नकाशा आणि दोन खंडाळे

पत्र:

ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनसाठी विषय घेतलाय: सह्याद्रीत कारवी आज कुठे कुठे असू शकते आणि २०७० मध्ये कुठे असेल. जीबीआयएफ या जैवविविधतेच्या खुल्या नोंदसंग्रहावरून २१२ नोंदी उतरवल्या, वर्ल्डक्लिमचे हवामानाचे एकोणीसच्या एकोणीस थर घेतले, भारताच्या नकाशावर कापले, प्रजाती कुठे असू शकते ते काढणाऱ्या मॅक्सेंट या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि बटण दाबलं. एयूसी, म्हणजे मॉडेलच्या परीक्षेचे मार्क, एकापैकी ०.९७ आलं. गाइड म्हणाले, छान, लिहायला घे. पण एक सीनियर म्हणतो मॅक्सेंटचे दिवस गेले, बायोमॉडमध्ये दहा अल्गोरिदम एकत्र चालव. मैत्रीण म्हणते वॉलेस सोपं आहे. यूट्यूबवर एक जण सगळं 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेत करून दाखवतो, पण त्याची स्क्रिप्ट माझ्याकडे पहिल्याच ओळीला अडते. हवामानाचा डेटा वर्ल्डक्लिमचा घ्यायचा की चेल्साचा, तोही घोळ आहेच. लॅपटॉप आठ जीबीचा, प्रोग्रॅमिंग बेताचं, हातात चार महिने. नेमका कुठला मार्ग धरू? आणि एक किरकोळ शंका: नकाशात फलटण-खंडाळ्याच्या बाजूलाही हिरवा पट्टा आलाय. तिकडे कारवी असते का?

कारवीच्या मागावर, कोल्हापूर

उत्तर:

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू किरकोळ म्हणून शेवटी ढकलली आहेस. फलटण-खंडाळ्याकडे कारवी असते का? नसते गं. तिकडे बाभळी, हिवर आणि कुसळी गवत. ते हिरवं तुला खटकलं, याचं मला त्या ०.९७ पेक्षा जास्त कौतुक वाटतं. सॉफ्टवेअरचं बोलूच, पण आधी त्या डागाचा माग काढू.

तुझी एक्सेल शीट उघड आणि ज्या नोंदींच्या ठिकाणात 'खंडाळा' आहे तेवढ्या बाजूला काढ. माझा अंदाज, त्यातल्या एक-दोन जुन्या हर्बेरियम शीटवरून, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून, आलेल्या असणार. शंभर वर्षांपूर्वी मुंबईहून आगगाडीने निघालेला वनस्पतींचा अभ्यासक बोरघाट चढून खंडाळ्याला उतरायचा, फांदी तोडून दाबायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा 'खंडाळा'. त्याच्या काळात तेवढं पुरे होतं. अक्षांश-रेखांश पुढे कधीतरी भरले गेले, बहुतेक वेळा नकाशात गावाचं नाव शोधून. आणि खंडाळा नावाचा आख्खा तालुका आहे साताऱ्यात, खंबाटकी घाटाच्या पायथ्याला. दोन्ही खंडाळ्यांत सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, साताऱ्यातला पर्जन्यछायेत. मॉडेल बिचारं आज्ञाधारक असतं. तू सांगितलंस की इथे कारवी आहे, ते म्हणतं बरं, मग असली कोरडी हवाही तिला चालत असणार, आणि तशा हवेचा सगळा मुलूख रंगवून मोकळं होतं.

हसू नकोस, मी याहून वाईट केलंय. माझ्या पहिल्यावहिल्या नकाशात आंबोली घाटातली एक वनस्पती अंधेरीच्या आंबोलीत उगवली होती. सेमिनारमध्ये तो नकाशा पडद्यावर लावला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला?" त्र्यंबकजवळही एक आंबोली आहे, हे मला त्यानंतर कळलं.

तर मार्ग निवडायचा म्हणजे सॉफ्टवेअर निवडायचं असं तू धरून चालली आहेस, तिथेच गाडं अडलंय. चार महिन्यांतला पहिला पूर्ण महिना ठिपक्यांना दे. दोनशे बारा म्हणजे काही फार नाहीत, एकेक उघडून बघता येतात. गूगल अर्थवर टाक आणि प्रत्येकाला विचार, तू इथे कसा आलास? काही ठिपके समुद्रात असतील. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली की आपली १७-७३ वाली कारवी ७३ उत्तर, १७ पूर्वेला जाते, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेच्या समुद्रात. हा ठिपका निदान लगेच दिसतो. लबाड असतात ते अंश-मिनिटांचे. कुणी १७ अंश ४५ मिनिटं हे १७.४५ असं लिहिलं, तर खरी जागा १७.७५. फरक ०.३० अंशाचा, म्हणजे तेहतीस किलोमीटर. ठिपका सह्याद्रीतच राहतो, कुणाला शंका येत नाही. काही नोंदी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या मध्यबिंदूवर बसलेल्या असतात. 'कोऑर्डिनेटक्लीनर' नावाचं 'आर'चं पॅकेज असे मध्यबिंदू, समुद्रातले ठिपके आणि संग्रहालयाच्या पत्त्यावर बसलेल्या नोंदी पकडून देतं. दोन खंडाळ्यांतला फरक मात्र त्याला कळणार नाही, तो तुलाच कळायला हवा.

आणखी एक. आयनॅचरलिस्ट या फोटो-नोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर केली जाते, आणि कुणालाही आपली नोंद स्वतःहून धूसर करता येते. तशी नोंद ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही भिरकावलेली असते, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर इकडेतिकडे. कारवी सगळीकडे आहे, तिला फारसं कुणी लपवत नाही. पण हे सदर वाचणाऱ्यांत शिंदळ माकुडी किंवा कंदीलपुष्पं अशा दुर्मिळ वनस्पतींवर काम करणारे असतील, त्यांनी जीबीआयएफच्या फाइलमधला अचूकतेचा रकाना आधी बघावा. हजार मीटरच्या चौकोनातल्या हवामानाला वीस किलोमीटर इकडेतिकडे असलेली नोंद जोडण्यात काहीच अर्थ नाही. महाबळेश्वरहून रस्त्याने बत्तीस किलोमीटर गेलं की वाई, आणि तेवढ्यात पाऊस साडेपाच-सहा हजारांवरून हजाराच्या आतबाहेर येतो.

आता कारवीची स्वतःची भानगड. ती सात वर्षांनी फुलते, मुंबईच्या बाजूला आठवं वर्ष धरतात. फुलली की डोंगर जांभळा, लोक कॅमेरे घेऊन पळतात, आणि बी धरून झाडं मरतात. मधल्या वर्षांत ती नुसती हिरवी काटकुळी झुडपं. त्यांचा फोटो कोण काढतो? त्यामुळे तुझ्या २१२ नोंदींचा वर्षवार तक्ता मांडलास तर मोजक्या वर्षांत ढीग आणि बाकी वाळवंट दिसेल. ठिकाणंही तीच. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, लोहगड, माथेरान, भीमाशंकरची वाट. यातून निघणारा नकाशा कारवीचा कमी आणि रविवारच्या ट्रेकर्सचा जास्त असतो. शिवाय नाव. जुन्या शीटवर 'कार्व्हिया कॅलोसा', नव्या नोंदीत 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा'. जीबीआयएफ ही दोन बहुतेक एकत्र आणतं, तरी तपास. आणि कासच्या पठारावरची बुटकी टोपली कारवी ही वेगळी प्रजाती आहे. फोटोखाली नुसतं 'कारवी' लिहिलेल्या नोंदींत ती घुसलेली सापडेल.

ट्रेकर्सच्या या पक्षपातावर दोन औषधं आहेत. पहिलं सोपं: दाटीवाटीचे ठिपके विरळ करायचे, म्हणजे एका चौकटीत एकच ठेवायचा. लोहगडावर चाळीस जणांनी फोटो काढले म्हणून लोहगड चाळीसपट कारवीचा होत नाही. दुसरं औषध मला जास्त पटतं. मॅक्सेंटला कारवी कुठे नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. ते आजूबाजूचे दहा हजार ठिपके उचलतं आणि त्यांच्याशी तुलना करतं. त्याला बॅकग्राउंड म्हणतात. हे ठिपके सरसकट उचलण्याऐवजी, त्याच भागात लोकांनी टिपलेल्या सगळ्याच वनस्पतींच्या नोंदी बॅकग्राउंड म्हणून द्यायच्या. मग दोन्ही बाजूंना तोच ट्रेकर असतो, तोच रस्ता, तोच रविवार. तुलनेत उरते ती फक्त कारवी. ही युक्ती फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. मॅक्सेंट २००६ मध्ये ज्यांनी पुढे आणलं त्यांच्यातलाच हा फिलिप्स.

बॅकग्राउंडवरून तुझ्या ०.९७ कडे येते. तू भारताच्या नकाशावर थर कापलेस, म्हणजे तुलनेत लडाख आला, थरचं वाळवंट आलं, गंगेचं मैदान आलं. कारवी जैसलमेरला नसते, हे ओळखण्याबद्दल मॉडेलला शंभरातले सत्त्याण्णव मिळाले. प्रश्न सोपा काढला की मार्क पडतातच. कारवीचं बी जिथवर पोहोचू शकलं असतं तेवढाच मुलूख घे: डांगपासून दक्षिणेकडे घाटाची पट्टी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला देशावर पन्नास-शंभर किलोमीटर. आणि महाराष्ट्राच्या हद्दीवर कापू नकोस. चोर्ला घाटात पाटी वाचून कारवी थांबत नाही. गोवा-कर्नाटकातल्या नोंदी टाकून दिल्यास तर तिला किती ऊब सोसते याचं एक टोकच तुझ्या डेट्यातून उडून जातं, आणि २०७० च्या प्रश्नाला नेमकं तेच टोक लागतं.

आता हवामानाचे थर. एकोणीसच्या एकोणीस घालू नकोस. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे वर्षाचा पाऊस, सगळ्यात ओल्या महिन्याचा पाऊस आणि सगळ्यात ओल्या तिमाहीचा पाऊस हे तीन थर सह्याद्रीत एकाच गोष्टीची तीन नावं आहेत. उलट सगळ्यात कोरड्या महिन्याचा पाऊस महाराष्ट्रभर जवळपास शून्य, त्यातून काय कळणार?

पण एक थर तुला मुद्दाम उघडून बघायला सांगते, अठरावा. व्याख्या साधी दिसते: वर्षातल्या सगळ्यात उष्ण तिमाहीत पडलेला पाऊस. मेख अशी की ही तिमाही कोणती, ते प्रत्येक पिक्सेल, म्हणजे थरातला एकेक चौकोन, आपल्या तापमानावरून स्वतः ठरवतो. घाटमाथ्यावर उन्हाळा लवकर तापतो आणि जूनमध्ये ढग उतरले की गारठा, म्हणून तिथे साधारण मार्च-एप्रिल-मे. खाली कोकणात मार्च त्यामानाने सौम्य आणि जूनही तापलेला, म्हणून एप्रिल-मे-जून. झालं! एका पिक्सेलच्या बेरजेत वळिवाच्या चार सरी आणि शेजारच्या पिक्सेलच्या बेरजेत आख्खा जूनचा पाऊस. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो थर लाव, घाटाच्या उतारावर कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसेल. अशी रेघ निसर्गात नाही, ती व्याख्येतून आली आहे. आणि मॅक्सेंटला असल्या रेघा फार आवडतात. ते म्हणतं, सापडलं, कारवी रेघेच्या या बाजूला! तापमान आणि पाऊस यांची अशी सरमिसळ असलेले थर चार आहेत, ८, ९, १८ आणि १९. चारही बाजूला ठेव. तुझ्या आत्ताच्या मॉडेलमध्ये सगळ्यात 'महत्त्वाचा' घटक म्हणून यातलाच एखादा वर आला असेल तर मला नवल वाटणार नाही.

उरलेल्यांतून निवड करताना आधी कारवीला विचार, गणिताला नंतर. तिला काय लागतं? भरपूर पाऊस. तो किती महिन्यांत वाटून पडतो, म्हणजे पावसाची मोसमी तफावत. उन्हाळ्याची कमाल, हिवाळ्याची किमान. तुझ्या गाइडना आणखी एखादा सुचला तर घे, मग थर एकमेकांसोबत किती हलतात तो परस्परसंबंध तपास आणि ०.७ च्या वर जुळणाऱ्या जोडीतला एक काढ. चार-पाच थर पुष्कळ झाले. उंचीचा थर तापमानाच्या जोडीला घालायचा मोह होईल, आवर. आज उंची आणि तापमान एकत्र हलतात म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. २०७० मध्ये हवा तापलेली असेल आणि डोंगर तेवढाच असेल. उंचीवर भिस्त ठेवलेलं मॉडेल मग काहीच बदललं नाही असं सांगतं.

वर्ल्डक्लिम की चेल्सा? सह्याद्रीपुरतं माझं मत चेल्साच्या बाजूने आहे. वर्ल्डक्लिमची दुसरी आवृत्ती १९७०–२००० ची, मुख्यतः हवामान केंद्रांच्या आकड्यांमधल्या जागा गणिताने भरून केलेली. दोन केंद्रांच्या मध्ये एक कडा असेल तर पाऊस त्या कड्यावर कसा आपटतो, हे त्या भरणीत पुरतं उतरत नाही. चेल्सात वारा कुठून येतो आणि डोंगराची कुठली बाजू त्याच्या तोंडाला आहे, हा हिशोब घातलेला आहे. सध्याच्या आवृत्तीतला काळ १९८१–२०१०, म्हणजे तुझ्या फोटोंच्या वर्षांना थोडा जवळचा. पण माझ्या मतावर जाऊ नकोस. महाबळेश्वर, वाई आणि आंबोली अशी तीन ठिकाणं घे (आंबोली कुठली ते आता तुला सांगायला नको) आणि दोन्ही थरांतून तिथला वार्षिक पाऊस काढ. आंबोलीला सात हजारांच्या आसपास यायला हवा. जो डेटा जवळ जाईल तो घे आणि हा तीन ओळींचा तक्ता प्रबंधात छाप, परीक्षकांना असल्या गोष्टी आवडतात. पुण्याच्या हवामान खात्याचा १९०१ पासूनचा पावसाचा चौकटवार डेटा अनेकांना मोहात पाडतो, आणि काळानुसार बदल बघायला तो उत्तमच आहे. पण त्याची चौकट पाव अंशाची, सत्तावीस किलोमीटरची. महाबळेश्वर आणि वाई एका चौकटीत येतात, नाहीतर शेजारशेजारच्या दोन चौकटींत. कारवीच्या या कामाला तो पुरणार नाही.

चेल्सा घेतलंस तर दोन सूचना. फाइल सगळ्या जगाच्या असतात, आख्ख्या उतरवत बसू नकोस. 'आर'मधलं 'टेरा' पॅकेज सर्व्हरवरून हवा तेवढाच तुकडा वाचू शकतं. आणि महाबळेश्वरचं तापमान २९३० दिसलं तर घाबरू नकोस. ते केल्विनच्या दहापटीत साठवलेलं असतं, दहाने भागून २७३.१५ वजा केलं की वीस अंश येतात.

थर कुठलाही घेतलास तरी एका पिक्सेलची बाजू किलोमीटरच्या थोडी आत. कोकणकड्यासारख्या जागी त्या एका चौकोनात वरचं पठारही येतं आणि खालची दरीही. सहाशे मीटरचा उतार धरला तर तापमानात चारेक अंशांचा फरक, आणि पिक्सेल देतो एकच सरासरी. त्यामुळे 'अमुक उतारावर कारवी वाढेल' असली वाक्यं या नकाशावरून लिहू नकोस.

सॉफ्टवेअर. मॅक्सेंटचे दिवस गेले असं म्हणणाऱ्या सीनियरला चहा पाज आणि पुढे चल. २०१७ मध्ये ते मुक्तस्रोत झालं, त्याच सुमारास त्याचं 'मॅक्सनेट' हे रूप 'आर'मध्ये आलं, त्याला जावा लागत नाही. फक्त उपस्थितीच्या नोंदी हातात असलेल्या माणसाला आजही हे बरं हत्यार आहे. बायोमॉड वाईट नाही, पण तुझ्या कामाला नको. दहा अल्गोरिदम म्हणजे दहा जणींनी थापलेली भाकरी, पीठच किडकं असेल तर सगळ्याच किडक्या. वर प्रत्येकीचं तंत्र समजून घ्यायला लागणार, तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर द्यायला लागणार, आणि आठ जीबीत तुझा लॅपटॉप रात्रभर घुरघुरणार.

ठिपके नीट झाले की पहिले दोन आठवडे वॉलेस वापर. ते 'आर'वरच चालतं, पण समोर बटणं असतात. नोंदी आणणं, विरळ करणं, बॅकग्राउंड कापणं, मॉडेल, नकाशा असा क्रम ते स्वतःच धरायला लावतं. आणि सगळं झाल्यावर तू काय काय केलंस त्याची स्क्रिप्ट काढून देतं. ती स्क्रिप्ट हा तुझा पाया. पुढे तीच हाताने बदलत जा. त्यामागे 'ईएनएमइव्हल' नावाचं पॅकेज काम करतं, तुला खरी गरज त्याचीच आहे. यूट्यूबवाल्याची स्क्रिप्ट पहिल्या ओळीला अडते कारण ती 'आरजीडॅल' किंवा 'मॅपटूल्स' मागत असणार. ही पॅकेजं ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त केली गेली. तुझं काही चुकलेलं नाही, व्हिडिओ शिळा आहे.

'ईएनएमइव्हल' का, ते सांगते. मॅक्सेंटला ८० च्या वर नोंदी दिल्या की ते आपोआप रेषेचे जवळजवळ सगळे गुंतागुंतीचे आकार वापरायला लागतं. प्रतिसादाचा आलेख, म्हणजे पाऊस वाढला की कारवीची पसंती कशी बदलते, काढून बघ, पावसाच्या अक्षावर रेषा राजगडाच्या माच्यांसारखी वरखाली जात असेल. कारवीला २८०० मिलीमीटर आवडतो, २९०० नाही आणि ३००० पुन्हा आवडतो, असं काही झाडाचं असतं का? मॉडेलने फक्त तुझे ठिपके पाठ केलेत. हे पॅकेज साध्यापासून गुंतागुंतीच्यापर्यंत आकार आणि वेगवेगळे लगाम लावून वीस-पंचवीस मॉडेलं चालवतं आणि कोणतं नव्या जागी टिकतं ते दाखवतं.

नव्या जागी हा शब्द महत्त्वाचा. तू बहुतेक पंचवीस टक्के नोंदी यदृच्छया बाजूला ठेवून परीक्षा घेतलीस. लोहगडाचा एक ठिपका शिकायला आणि त्याच्या शेजारचाच परीक्षेला, म्हणजे घरी सोडवलेलाच पेपर वर्गात आला. त्याऐवजी मुलूख चार तुकड्यांत फोड, तीन तुकड्यांवर शिकव आणि चौथ्यावर परीक्षा घे, पाळीपाळीने. ०.९७ खाली येईल, चांगलंच येईल. गाइडना ते आवडणार नाही. त्यांना आकडा एकटा दाखवू नकोस, जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेव आणि फलटणकडे बोट कर. ते सह्याद्रीत हिंडलेले असतील तर पुढचं बोलायला लागणार नाही.

२०७० बद्दल मी नाखूष आहे, पण विषय मंजूर झालाय तर करावंच लागेल. वर्ल्डक्लिममध्ये भविष्य वीस-वीस वर्षांच्या तुकड्यांत मिळतं, लोक ज्याला २०७० म्हणतात ते तिथे २०६१–२०८०. चेल्सात तुकडे तीस वर्षांचे, २०४१–२०७० आणि २०७१–२१००. आजचं एकातून आणि उद्याचं दुसऱ्यातून असं अजिबात करू नकोस, नाहीतर दोन डेट्यांतला फरक तू हवामान बदल म्हणून छापशील. चेल्सात पाच जागतिक हवामान मॉडेलं आहेत, पाचही चालव. आपल्या पावसाचं पुढे काय होणार यावर त्यांचं आपसात एकमत नाही, आणि ते मतभेद दाखवणं हाच या प्रकरणाचा खरा निष्कर्ष असेल. पाचांपैकी किती मॉडेलं एखाद्या पिक्सेलला हो म्हणतात, असा नकाशा काढ. शेजारी दुसरा नकाशा दे: जिथलं भविष्यातलं हवामान आज तुझ्या पट्ट्यात कुठेच नाही, त्या जागा. 'मेस' नावाची मोजणी ते काढून देते. कोकणात त्या बऱ्याच निघतील असा माझा होरा आहे. तिथे मॉडेल जे काही सांगतं ते अंधारातलं, तिथे रंग भरू नकोस, राखाडी ठेव.

नकाशातली किंमत ही योग्यता आहे, म्हणजे तिथली हवा कारवीला किती मानवेल; ती तिथे असण्याची संभाव्यता नाही. ०.६ म्हणजे साठ टक्के शक्यता असं कुठेही लिहू नकोस.

एक पदरमोड करायला सांगते. तू कोल्हापुरात आहेस, गगनबावडा, आंबा, राधानगरी एका दिवसात होतात. चार रविवार जा. कारवी फुलात नसेल तरी ओळखू येते, आणि नाही आली तर ज्याच्या घराला अजून कारवीच्या कुडाच्या भिंती आहेत असा कुणी म्हातारा गाठ. कारव्या कुठल्या उतारावर तोडायच्या, कुठे त्या बारीक येतात, कुठे जाड, हे त्याला पाठ असतं. अभयारण्यात आत शिरायचं तर वन खात्याची परवानगी काढ, नाहीतर रस्त्याच्या कडेने पाहिलंस तरी चालेल. जिथे कारवी दिसली नाही त्या जागाही टिपून ठेव. हे पंचवीस-तीस ठिपके मॉडेलला दाखवू नकोस. सगळं झाल्यावर त्यांच्यावर परीक्षा घे. तुझ्या चारही तुकड्यांच्या परीक्षेपेक्षा मला ती जास्त विश्वासाची वाटेल.

पण आज संध्याकाळी फक्त खंडाळ्याची नोंद उघड. जीबीआयएफवर बऱ्याचदा शीटचा फोटो जोडलेला असतो. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि तारीख असते. त्याच माणसाने त्याच आठवड्यात आणखी काय गोळा केलं ते शोध. आदल्या दिवशी तो कर्जतला आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला असेल, तर त्याचा खंडाळा कुठला ते ठरलं. ठिपका पुसू नकोस, उचलून घाटावर नेऊन ठेव, आणि का हलवला ते शेजारच्या रकान्यात लिही. फोटो नसेल तर नोंद कुठल्या संग्रहालयाची आहे ते बघ. मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं. विचारणा करणारी मेल सरळ मराठीत लिहिलीस तरी चालेल, फक्त शीटचा क्रमांक लिहायला विसरू नकोस.